स्वाहिलीतली क्रियाविशेषणं: मराठी भाषकांसाठी पायरीपायरीने

नैरोबी, मोंबासा, दार एस सलाम किंवा झांझिबारला कामानिमित्त जाणारे मराठी आणि गोव्याचे लोक स्वाहिली शिकायला घेतात, तेव्हा पहिले काही आठवडे नामांचे वर्ग (उपसर्गांनुसार पडणारे नामांचे गट) पाठ करण्यातच जातात. क्रियाविशेषणं शेवटच्या धड्यांत ढकललेली असतात, आणि तिथेही एक लांबलचक यादी देऊन विषय संपतो. ही पद्धत चुकीची आहे. स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा आहे, आणि बांटू भाषांत 'मुळातच क्रियाविशेषण' असे शब्द फार थोडे असतात. बाकीची नामवर्गांच्या उपसर्गांतून, स्थळवाचक प्रत्ययांतून, शब्दांच्या द्विरुक्तीतून घडतात किंवा अरबीतून आलेली असतात. म्हणून यादी पाठ करू नका. ती कशी घडतात ते शिका. मग नवा शब्द कानावर पडला की तो कोणत्या पद्धतीने घडला हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

इथे दिलेली रूपं प्रमाण स्वाहिलीतली आहेत. १९२८ साली मोंबासाच्या परिषदेत झांझिबारची बोली प्रमाण भाषेचा पाया म्हणून स्वीकारली गेली, आणि टांझानिया व केनिया दोन्हीकडच्या शाळांत तीच शिकवतात.

हाताशी काय हवं

- नामवर्गांचा एक तक्ता, भिंतीवर लावता येईल असा. निदान म्टोटो-वाटोटो (मूल-मुलं) आणि किटाबू-व्हिटाबू (पुस्तक-पुस्तकं) हे दोन वर्ग ओळखीचे हवेत.
- दार एस सलाम विद्यापीठाच्या किस्वाहिली संस्थेचा शब्दकोश, किंवा निदान चांगला स्वाहिली-इंग्रजी कोश.
- एक वही. पानावर तीन रकाने आखा: शब्द, कसा घडला, पूर्ण वाक्य. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो शब्द अजून आला नाही असं समजा.
- रोज दहा मिनिटं स्वाहिली बातम्या. बीबीसी आणि डॉइच वेले या दोघांच्याही स्वाहिली सेवा आहेत.

उच्चार आणि लिहिण्याची पद्धत

खाली स्वाहिली शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यात 'व' आणि 'व्ह' यांतला फरक पाळला आहे: ओठांचा चंबू करून येणारा 'व' आणि खालचा ओठ दाताला लागून येणारा 'व्ह'. मराठीत आपण याकडे लक्ष देत नाही, पण स्वाहिलीत 'वाझुरी' म्हणजे चांगली माणसं आणि 'व्हिझुरी' म्हणजे चांगल्या रीतीने. ज 'जन्म'मधला, च 'चिमणी'मधला, झ 'झाड'मधला, पण हकार न देता. 'म्टोटो'तला म् स्वतंत्र अक्षरासारखा उच्चारा, आधी 'अ' किंवा मागून 'उ' लावू नका. आघात बहुतेक सगळ्या शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो.

१. आधी जागा बदला

मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं: 'जुमा छान गातो'. स्वाहिलीत ते मागे जातं: 'जुमा आनाइंबा व्हिझुरी'. कर्म असेल तर तेही आधी येतं आणि क्रियाविशेषण सर्वांत शेवटी: 'आनासेमा किस्वाहिली व्हिझुरी', म्हणजे तो स्वाहिली चांगली बोलतो. मराठी माणूस डोक्यात वाक्य जुळवताना 'व्हिझुरी' आधी उच्चारून बसतो आणि मग क्रियापद शोधतो. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडली नाही तर ती फार काळ टिकते.

'खूप' या अर्थाचा 'साना' तर नेहमीच मागे: 'न्झुरी साना' (खूप छान), 'आसांटे साना' (खूप आभार), 'आनाइंबा व्हिझुरी साना' (खूप छान गाते). 'साना न्झुरी' असं कोणी म्हणत नाही.

काळ दाखवणाऱ्या शब्दांना मोकळीक आहे. 'केशो निटाक्वेंडा मोंबासा' आणि 'निटाक्वेंडा मोंबासा केशो' दोन्ही बरोबर (उद्या मोंबासाला जाईन). प्रश्नवाचक मात्र क्रियापदाच्या मागे: 'उनाक्वेंडा वापी?' (कुठे जातोस?), 'उटारुडी लिनी?' (केव्हा परत येशील?). 'लिनी' दिवस-तारीख विचारतं. वेळ विचारायची असेल तर 'सा न्गापी', म्हणजे किती वाजता.

२. व्हि- हा उपसर्ग: सगळ्यात जास्त वापर, सगळ्यात जास्त चुका

विशेषणाच्या मूळ धातूला 'व्हि-' लावला की रीतिवाचक क्रियाविशेषण तयार होतं:

- -झुरी (चांगलं) → व्हिझुरी (चांगल्या रीतीने)
- -बाया (वाईट) → व्हिबाया
- -काली (तीव्र, कडक) → व्हिकाली. बातम्यांत निषेध नोंदवताना हा शब्द हमखास येतो.
- -एमा (भलं) → व्ह्येमा. 'व्हेमा' असंही लिहितात आणि बोलतात.
- -इंगिने (दुसरं) → व्हिंगिने (वेगळ्या रीतीने)

आता मराठी माणसाची खास अडचण. मराठीत क्रियाविशेषणही कर्त्याप्रमाणे बदलतं: मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते, मुलं चांगली गातात. स्वाहिलीत सगळं काही नामाशी जुळवून घ्यायचं असतं, हेच आपण आदल्या धड्यांत शिकलेलो असतो. दोन्ही सवयी एकत्र आल्या की 'म्टोटो आनाइंबा म्झुरी' असं वाक्य तोंडून निघतं. ते चूक आहे. क्रियापदाचं वर्णन करणारा 'व्हि-' गोठलेला असतो, कोणासाठीही बदलत नाही:

- म्टोटो म्झुरी आनाइंबा व्हिझुरी. (चांगलं मूल चांगलं गातं.)
- वाटोटो वाझुरी वानाइंबा व्हिझुरी. (चांगली मुलं चांगली गातात.)
- चाकुला हिकी किमेपिक्वा व्हिझुरी. (हे जेवण छान शिजलंय.)

तपासायची सोपी रीत: शब्द नामाबद्दल बोलतोय की क्रियेबद्दल? नामाबद्दल असेल तर उपसर्ग नामाच्या वर्गाचा, क्रियेबद्दल असेल तर 'व्हि-'.

इथे एक फसवी जागा आहे. 'व्हि-' हा किटाबू-व्हिटाबू वर्गाचा अनेकवचनी उपसर्गही आहे. म्हणून 'व्हिटाबू व्हिझुरी' म्हणजे 'चांगली पुस्तकं', त्यात क्रियाविशेषण नाही. 'व्हिटाबू हिव्ही व्हिमेआंडिक्वा व्हिझुरी' (ही पुस्तकं छान लिहिली आहेत) या वाक्यात चार शब्द 'व्ह' घेऊन येतात, पण क्रियाविशेषण फक्त शेवटचा. असं वाक्य दिसलं की आधी क्रियापद शोधा. त्याच्या मागचा 'व्हि-' साधारणपणे तुम्हाला हवा तो.

दुसरी फसवी जागा: 'व्हि-' प्रत्येक विशेषणाला लागत नाही.

- -डोगो (लहान) पासून 'थोडं' करायचं तर 'किडोगो', 'व्हिडोगो' नव्हे. 'सुबिरी किडोगो' म्हणजे जरा थांबा.
- -प्या (नवं) पासून 'नव्याने' करायचं तर 'उप्या'. 'आंडिका उप्या' म्हणजे पुन्हा नव्याने लिही.
- राहिसी (सोपं), साफी (स्वच्छ) यांसारखी अरबीतून आलेली विशेषणं उपसर्गच घेत नाहीत. त्यांच्यासाठी पायरी ३ पाहा.
- -गुमू (कठीण) पासून 'व्हिगुमू' होतं, पण ते बहुधा 'नी' नंतर येतं: 'नी व्हिगुमू कुआमिनी' (विश्वास ठेवणं कठीण आहे). तसंच 'नी व्हिझुरी कुसोमा किला सिकू' (रोज वाचणं चांगलं).

३. क्वा + नाम

'व्हि-' लागत नसेल तिथे 'क्वा' कामाला येतो. 'क्वा' म्हणजे साधारण '-ने', 'च्या योगे'. पुढे नाम ठेवा:

क्वा हाराका (घाईने), क्वा बिडिई (मेहनतीने), क्वा माकिनी (लक्ष देऊन), क्वा न्गुव्हू (जोर लावून), क्वा साउटी (मोठ्याने), क्वा कावाइडा (सहसा), क्वा बाहाटी म्बाया (दुर्दैवाने), क्वा बाहाटी न्झुरी (सुदैवाने).

विशेषणाचं भाववाचक नाम करायचं असेल तर पुढे 'उ-' लावतात: राहिसी → उराहिसी, साफी → उसाफी. मग 'क्वा उराहिसी' म्हणजे सहज. 'क्वा', 'उ-' आणि मूळ शब्द ही जोडणी हाताशी असली की बोलताना बहुतेक ठिकाणी निभावतं.

प्रवासाचं साधनही याच पद्धतीने: क्वा बासी (बसने), क्वा न्डेगे (विमानाने), क्वा मिगुऊ (पायी). भाषासुद्धा: 'सेमा क्वा किस्वाहिली' (स्वाहिलीत बोल).

सावध राहा: मराठीतला '-ने' दोन कामं करतो आणि स्वाहिलीत ती वेगळी आहेत. 'सुरीने कापला' यातली सुरी हे साधन, 'जुमाने कापला' यातला जुमा हा करणारा. स्वाहिली कर्मणीत साधनाला 'क्वा', करणाऱ्याला 'ना':

- म्काटे उलिकाट्वा क्वा किसू. (पाव सुरीने कापला गेला.)
- म्काटे उलिकाट्वा ना जुमा. (पाव जुमाकडून कापला गेला.)

'क्वा जुमा' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला 'जुमाच्या घरी' असं वाटेल. माणसाच्या नावापुढे 'क्वा' आला की तो त्या माणसाचं ठिकाण दाखवतो: 'निनाक्वेंडा क्वा डाक्टारी' (डॉक्टरांकडे जातोय). आपल्या 'कडे'चंच काम.

'न करता' यासाठी 'बिला' वापरा, पुढे क्रियापदाचं 'कु-' रूप: 'बिला कुसेमा नेनो' (एक शब्द न बोलता). हे मराठीच्या 'न बोलता'शी इतकं जुळतं की सहसा कोणी चुकत नाही.

४. कि-: 'च्या पद्धतीने'

भाषेच्या नावातला 'कि-' (किस्वाहिली, किहिंडी) 'त्या पद्धतीने' असंही सांगतो. 'वानापिका किहिंडी' म्हणजे भारतीय पद्धतीने स्वयंपाक करतात. किटोटो (पोरकटपणे), किजिंगा (मूर्खासारखं), किसासा (आधुनिक पद्धतीने, 'सासा' म्हणजे आता), किएन्येजी (स्थानिक पद्धतीने). खानावळीच्या फळ्यावर 'कुकू वा किएन्येजी' दिसेल, ती गावठी कोंबडी. मध्ये 'वा' आला की शब्द नामाला जोडला जातो, क्रियापदामागे नुसता आला की क्रियाविशेषण.

५. तयार शब्द, आणि 'च', 'ही', 'सुद्धा'

हाराका, उपेसी (लवकर), पोलेपोले (हळू), म्नो (अतिशय), काबिसा (पूर्णपणे), लाब्डा (कदाचित), हासा (विशेषतः), झाइडी (अधिक), बुरे (फुकट, उगीच). हे जसेच्या तसे वापरायचे. 'हासा' आणि आपला 'खास', 'झाइडी' आणि आपला 'जादा' हे एकाच अरबी मुळातून आलेले आहेत, लक्षात ठेवायला तेवढा आधार पुरतो. तुलना करायची तर 'कुलिको': 'आनाकिंबिया हाराका कुलिको मिमी' (तो माझ्यापेक्षा भरभर पळतो).

तीन छोट्या शब्दांना मात्र वेळ द्या.

'टू' म्हणजे फक्त, आणि तो ज्या शब्दावर भर आहे त्याच्या मागे येतो, आपल्या 'च'सारखा: 'वाटू वाविली टू' (दोनच माणसं), 'नाटाका माजी टू' (मला पाणीच हवंय). 'पिया' म्हणजे 'ही', तोही मागे: 'मिमी पिया' (मीही). इथवर मराठीची सवय उपयोगी पडते.

तिसरा 'हाटा' (सुद्धा) मात्र उलटा, तो आधी येतो: 'हाटा मिमी सिजुई' (मलासुद्धा माहीत नाही). 'मिमी हाटा' म्हणू नका. 'पिया' आणि 'हाटा' यांची अदलाबदलही करू नका. 'पिया' फक्त भर घालतो, 'हाटा'त 'अपेक्षा नसताना' अशी छटा आहे.

६. ठिकाण: -नी आणि तीन स्थळवर्ग

बांटू व्याकरणाचं सगळ्यात देखणं अंग हेच, म्हणून इथे घाई नको.

नामाला '-नी' लावा, ठिकाण तयार: न्युंबा (घर) → न्युंबानी, सोको (बाजार) → सोकोनी, शुले (शाळा) → शुलेनी, मेझा (टेबल) → मेझानी, जिको (चूल) → जिकोनी, म्जी (शहर) → म्जिनी, काझी (काम) → काझिनी.

मराठीत बाजाराला, बाजारात, बाजारातून असे तीन प्रत्यय लागतात. स्वाहिलीत एकच, दिशा क्रियापद सांगतं:

- निनाक्वेंडा सोकोनी. (बाजाराला जातोय.)
- निको सोकोनी. (बाजारात आहे.)
- निनाटोका सोकोनी. (बाजारातून येतोय.)

'-नी' कुठे लागत नाही: गावांच्या नावांना (निनाक्वेंडा नैरोबी), माणसांना (तिथे 'क्वा'), आणि 'पोस्टा'सारख्या काही उसन्या शब्दांना. 'काटिका' (मध्ये) वापरलात तर '-नी' काढून टाका. 'काटिका न्युंबा' किंवा 'न्युंबानी', दोन्ही एकदम नको. नामाला विशेषण जोडायचं असेल तरी 'काटिका'च सोयीचा: काटिका न्युंबा कुब्वा (मोठ्या घरात).

'-नी' लागल्यावर नाम आपला मूळ वर्ग सोडून स्थळवर्गात जातं. असे वर्ग तीन आहेत:

- पा: नेमकी जागा. हापा (इथे), हापो (तुझ्यापाशी, किंवा आधी उल्लेख झालेल्या जागी), पाले (तिथे).
- कु: परिसर, दिशा, ढोबळ जागा. हुकू (इकडे), हुको, कुले (तिकडे).
- मु: आतली जागा. हुमू (ह्याच्या आत), हुमो, म्ले (त्याच्या आत).

मराठीत 'इथे' आणि 'इकडे' असा भेद आहेच, तोच 'पा' आणि 'कु'मध्ये धरा. 'आत'चा तिसरा वर्ग मात्र नवा आहे. 'आहे' म्हणतानाही हाच भेद पाळायचा:

- किटाबू किपो मेझानी. (पुस्तक टेबलावर आहे, नेमकी जागा.)
- जुमा युको मोंबासा. (जुमा मोंबासात आहे, ढोबळ.)
- पेसा झिमो म्फुकोनी. (पैसे खिशात आहेत, आत.)

ठिकाण स्वतः कर्त्याच्या जागी बसू शकतं आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं: मेझानी पाना व्हिटाबू (टेबलावर पुस्तकं आहेत), शुलेनी कुना वाटोटो (शाळेत मुलं आहेत), म्फुकोनी म्ना पेसा (खिशात पैसे आहेत). टी-शर्टवर छापलेल्या 'हाकुना माटाटा'तला 'कु' तो हाच. रोजच्या बोलण्यात मात्र 'हाकुना शिडा' किंवा 'हाम्ना शिडा' (काही अडचण नाही) जास्त ऐकू येईल.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'न्युंबानी यांगू'. 'यांगू' (माझं) हे 'न्युंबा'च्या मूळ वर्गाचं रूप आहे, '-नी' लागल्यावर ते चालत नाही. 'न्युंबानी क्वांगू' (माझ्या घरी) म्हणा. घराच्या आतच असं ठासून सांगायचं तर 'न्युंबानी म्वांगू'. गोंधळ झाला तर 'क्वांगू' घ्या, तेच सर्वांत जास्त चालतं.

जुउ (वर), चिनी (खाली), न्डानी (आत), न्जे (बाहेर), म्बेले (पुढे), न्युमा (मागे) हे एकटे येतात: 'कआ चिनी' (खाली बस). पुढे नाम आलं की 'या' लागतो: 'चिनी या मेझा' (टेबलाखाली). 'कारिबू' (जवळ) आणि 'म्बाली' (दूर) यांना मात्र 'ना' लागतो: 'कारिबू ना सोको'. रस्ता विचारताना तीन शब्द पाठ हवेत: कुलिया (उजवीकडे), कुशोटो (डावीकडे), मोजा क्वा मोजा (सरळ).

७. काळ: 'परवा' आणि घड्याळ

लेओ (आज), जाना (काल), केशो (उद्या) सोपे आहेत. मराठीत 'परवा' मागचाही आणि पुढचाही. स्वाहिलीत मागचा 'जुझी', पुढचा 'केशो कुट्वा'. भेटीची वेळ ठरवताना हे आधी पक्कं करा.

घड्याळ सहा तासांनी सरकलेलं आहे. दिवस सूर्योदयापासून मोजतात, आणि विषुववृत्ताजवळ सूर्योदय वर्षभर सहाच्या आसपास होतो. म्हणून सकाळचे ७ म्हणजे 'सा मोजा आसुबुही' (सकाळचा पहिला तास). ९ म्हणजे सा टाटू आसुबुही, दुपारचे १२ म्हणजे सा सिटा म्चाना, दुपारचे २ म्हणजे सा नाने म्चाना, संध्याकाळचे ६ म्हणजे सा कुमी ना म्बिली जिओनी, रात्रीचे ८ म्हणजे सा म्बिली उसिकू. आपल्या घड्याळातल्या आकड्यातून सहा वजा करा, वजा होत नसेल तर सहा मिळवा. तिकिटावरचा छापील आकडा आपल्या नेहमीच्या घड्याळाचा असू शकतो आणि तिकीट देणारा तोंडी सांगतो ती वेळ स्वाहिली घड्याळाची. दोन्ही जुळवून विचारल्याशिवाय बसथांब्यावरून हलू नका. आसुबुही, म्चाना, जिओनी, उसिकू यांपैकी एक शब्द प्रत्येक वेळेला जोडा.

'हिव्ही कारिबुनी' भूतकाळात 'नुकतंच', भविष्यकाळात 'लवकरच'. अर्थ क्रियापदाचा काळ ठरवतो. नुसतं 'कारिबुनी' ऐकलंत आणि समोर दार उघडं असेल तर ते 'या, या' असं स्वागत आहे.

'मारा' (वेळा) वापरून: मारा म्बिली (दोनदा), मारा न्यिंगी (बरेचदा), मारा क्वा मारा (वारंवार). 'मारा मोजा'चे दोन अर्थ: 'निमेक्वेंडा मारा मोजा' (एकदा गेलोय), पण 'न्जो मारा मोजा' (लगेच ये). आज्ञा असेल तर सहसा 'लगेच'.

८. नकारासोबत अर्थ बदलणारे शब्द

- बाडो: आपला 'अजून'. 'बाडो युको' (अजून आहे), 'बाडो हाजाफिका' (अजून पोचलेला नाही). एकटा 'बाडो' म्हणजे 'अजून नाही', आणि हा उत्तर देण्याचा सभ्य मार्ग आहे. 'उमेकुला?' (जेवलास?) याला 'हापाना' म्हटलं तर तुटक वाटतं, 'बाडो' म्हणा. लग्न झालं का, या प्रश्नालाही तेच.
- टेना: 'न्जो टेना' (पुन्हा ये), पण 'सिटाकी टेना' (आता नको).
- काबिसा: 'निमेचोका काबिसा' (पार दमलोय), पण 'सिजुई काबिसा' (अजिबात माहीत नाही).
- काम्वे: कधीच. क्रियापद नकारार्थीच हवं: 'सिटासाहाउ काम्वे' (कधीच विसरणार नाही). मराठीतही 'कधीच' सोबत 'नाही' लागतं, त्यामुळे अडचण येऊ नये.
- काब्ला (आधी): पुढे क्रियापद आलं तर ते बरेचदा नकारार्थी '-जा-' घेतं. 'काब्ला सिजाओंडोका' म्हणजे 'मी निघण्याआधी', शब्दशः 'मी निघालेलो नसताना'. नकार दिसला म्हणून अर्थ उलटा लावू नका.

९. -व्ह्यो-: क्रियापदाच्या पोटातलं 'जसं'

पायरी २ मधला 'व्हि-'च इथे क्रियापदात शिरतो. काळाच्या प्रत्ययानंतर '-व्ह्यो-' घाला:

- कामा उनाव्ह्योजुआ (तुला माहीत आहे तसं)
- कामा निलिव्ह्योसेमा (मी म्हणालो तसं)
- फान्या निनाव्ह्योफान्या (मी करतो तसं कर)

वर्तमानाचा '-ना-' आणि भूताचा '-ली-' चालतात. भविष्याचा '-टा-' बदलून '-टाका-' होतो. पूर्णतेचा '-मे-' इथे अजिबात चालत नाही, म्हणून 'म्हणालो आहे तसं' सांगतानाही '-ली-' घ्या. काळच नको असेल तर '-व्ह्यो' शेवटी: 'उपेंडाव्ह्यो' (तुला आवडेल तसं).

'हिव्ही' (असं), 'हिव्ह्यो' (तसं, आधी बोललो तसं), 'व्हिले' (तसं, त्या तऱ्हेने), 'व्हिपी' (कसं) ही सगळी याच कुटुंबातली. शब्द अडला तर '-जे' लावून विचारा: 'उनासेमाजे क्वा किस्वाहिली?' (स्वाहिलीत कसं म्हणतात?).

१०. द्विरुक्ती आणि ध्वनिशब्द

मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. हळूहळू: पोलेपोले. थोडंथोडं: किडोगो किडोगो. घाईघाईने: हाराका हाराका. उघडउघड: वाझीवाझी. 'हाराका हाराका हाइना बाराका' (घाईघाईत बरकत नाही) ही म्हण द्विरुक्तीसाठी पाठ करा. पण दोन ठिकाणी थांबा: एकटा 'पोले' म्हणजे 'हळू' नव्हे, तो दुःखात वा त्रासात असलेल्याला दिलेला दिलासा आहे. आणि 'म्बाली' दूर, पण 'म्बालीम्बाली' म्हणजे वेगवेगळे.

ध्वनिशब्द ही बांटू भाषांची श्रीमंती आहे. प्रत्येक शब्द ठरलेल्या एकदोन शब्दांसोबतच येतो, जसे आपले 'कुट्ट' आणि 'शुभ्र':

- न्येउपे पे: पांढरंशुभ्र
- न्येउसी टी: काळंकुट्ट
- गिझा टोटोरो: मिट्ट काळोख
- लाला फोफोफो: गाढ झोपणं
- लोवा चापाचापा: चिंब भिजणं
- जाआ पोमोनी: काठोकाठ भरणं

यांची जोडी मोडू नका. 'हिरवंकुट्ट' आपल्या कानाला जसं खटकेल, तसंच तिथेही. नवा ध्वनिशब्द ऐकला की वहीत तो त्याच्या जोडीदारासकट लिहा.

११. सरावाची पद्धत

एक साधं वाक्य घ्या: 'जुमा आनाआंडिका बारुआ' (जुमा पत्र लिहितोय). त्याला रोज एका पायरीचं क्रियाविशेषण जोडा: व्हिझुरी, क्वा माकिनी, किटोटो, न्युंबानी, लेओ, पोलेपोले. मग 'जुमा'च्या जागी 'वाटोटो' घाला. क्रियापद 'वानाआंडिका' होईल, क्रियाविशेषण मात्र जागचं हलणार नाही. जीभ ते बदलायला जात असेल तर पायरी २ वर परत जा.

बातम्या ऐकताना पहिल्या आठवड्यात फक्त '-नी'वर संपणारे शब्द टिपा, दुसऱ्यात फक्त 'क्वा', तिसऱ्यात '-व्ह्यो-'. वाचायला टांझानियाचं 'म्वानांची' किंवा केनियाचं 'टाइफा लेओ' ही वृत्तपत्रं घ्या. कोशात 'व्हि-'चा शब्द सापडला नाही तर उपसर्ग काढून मूळ विशेषण शोधा, '-नी'चा सापडला नाही तर प्रत्यय काढून नाम. '-नी' काढल्यावर नाम उरतच नसेल, तर तो आज्ञार्थाचा अनेकवचनी '-नी' असू शकतो ('न्जोनी', म्हणजे तुम्ही सगळे या), आणि ते क्रियाविशेषण नाही.